६७२ बाइटांतलं बुद्धिबळ

बुद्धिबळ खेळणारा संगणक बनवायचा, तर त्याला काय काय शिकवावं लागेल? हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, घोडा अडीच घरं उडी मारतो. प्यादं पुढे सरळ चालतं, पण मारतं मात्र तिरकं. राजाला शह बसला की आधी त्याला वाचवायचं. एवढं झालं की पट पडद्यावर काढायचा, समोरच्यानं केलेली खेळी नियमात बसते का ते तपासायचं आणि मग स्वतःची खेळी शोधायची.

आता अट ऐका. संगणकाची मेमरी फक्त १,०२४ बाइट आहे. एका बाइटमध्ये एक इंग्रजी अक्षर मावतं, म्हणजे वहीचं जेमतेम एक पान भरेल इतकीच जागा. त्यातली थोडी संगणक स्वतःच्या कामासाठी ठेवून घेतो. उरलेल्या जागेत बसवा बुद्धिबळ!

१९८२ च्या सुमारास डेव्हिड हॉर्न नावाच्या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं ते बसवलं. त्याचा प्रोग्रॅम होता ६७२ बाइटांचा. त्यात किल्लेकोट करता येत नव्हता, शेवटच्या पट्टीत पोचलेल्या प्याद्याचा वजीर होत नव्हता आणि प्याद्यानं प्याद्याला वाटेत मारण्याचा तो खास नियमही नव्हता. बाकी मात्र खरंखुरं बुद्धिबळ. संगणक विचार करून खेळी करायचा, आणि बेसावध राहिलात तर तुमचा वजीर घेऊन जायचा. मला विचाराल तर जगातल्या सगळ्यात देखण्या प्रोग्रॅमांपैकी हा एक आहे.

तो ज्या संगणकावर चालायचा त्याचं नाव झेडएक्स ८१. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावात क्लाइव्ह सिंक्लेअर यांची कंपनी होती. सामान्य माणसाला परवडेल असा संगणक बनवायचाच, असा त्यांनी ध्यास घेतला होता. १९८० मध्ये त्यांचा झेडएक्स ८० आला. त्यात २१ चिपा होत्या. पुढच्या वर्षी आलेल्या झेडएक्स ८१ मध्ये उरल्या अवघ्या चार. सुटे भाग घेऊन घरी जोडलात तर किंमत ४९ पौंड ९५ पेन्स, आणि जोडलेला हवा असेल तर ६९ पौंड ९५ पेन्स. पडदा नव्हताच, घरातला टीव्ही हाच पडदा. प्रोग्रॅम साठवायला घरातला टेपरेकॉर्डर. कळफलक म्हणजे प्लास्टिकचा एक सपाट तुकडा, त्यावर छापलेल्या चौकोनांवर बोट दाबायचं.

या संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, होता झेड-८०. अमेरिकेतल्या झायलॉग कंपनीनं १९७६ मध्ये काढलेली ही चिप. तिच्यात सुमारे ८,५०० ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची चिमुकली बटणं, चालू नाहीतर बंद. आजच्या मोबाइलच्या प्रोसेसरमध्ये ती अब्जावधी असतात. इथे साडेआठ हजार, आणि त्यांच्या डोक्यावर कामाचा डोंगर.

त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे टीव्हीवर चित्र उमटवणं. टीव्हीचं चित्र एकदा काढून भागत नाही. ब्रिटनच्या टीव्हीवर ते सेकंदाला ५० वेळा नव्यानं काढावं लागायचं. महागड्या संगणकांत त्यासाठी वेगळी चिप असे. सिंक्लेअरकडे ती चैन नव्हती, त्यामुळे बिचाऱ्या झेड-८० लाच बरंचसं चित्रकाम करावं लागे. झेडएक्स ८० मध्ये तर एक वेळी एकच काम जमायचं, एक तर चित्र काढ, नाहीतर विचार कर. तुम्ही एखादी कळ दाबली की प्रोसेसर तिकडे बघायला वळायचा आणि पडदा क्षणभर विझायचा! झेडएक्स ८१ मध्ये यावर तोडगा निघाला. टीव्हीच्या चित्राच्या वर आणि खाली थोडी रिकामी पट्टी असते. ती जात असताना चित्रकाराला उसंत मिळते, तेवढ्यात गणितं उरकून घ्यायची. पण अशानं प्रोसेसरचा बहुतेक वेळ चित्रातच जायचा. म्हणून संगणकाला दोन आज्ञा दिल्या होत्या, ‘स्लो’ आणि ‘फास्ट’. ‘फास्ट’ म्हटलं की पडदा सरळ बंद व्हायचा आणि हिशेब सुमारे चौपट वेगानं सुटायचा. उत्तर तयार झालं की चित्र परत.

जागा वाचवण्याच्या युक्त्या तर काय वर्णाव्यात! ‘प्रिंट’ ही आज्ञा पाच इंग्रजी अक्षरांची. पण झेडएक्स ८१ वर ‘पी’ ही एकच कळ दाबली की अख्खा शब्द उमटायचा, आणि मेमरीत त्याला जागा लागायची एकाच बाइटची.

मुलांनी शोधलेली एक युक्ती माझी फार लाडकी आहे. प्रोग्रॅममध्ये साधा ० लिहिला, तर या संगणकात त्याला किती जागा लागत असेल? एक बाइट? नाही, सात! एक बाइट दिसणाऱ्या शून्यासाठी, पुढे ‘इथे संख्या आहे’ ही खूण एका बाइटची, आणि तीच संख्या संगणकाला सोयीच्या रूपात पुन्हा पाच बाइटांत. ज्याच्याकडे जागाच मोजकी, त्याला शून्यासाठी सात बाइट कसे परवडणार? मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ‘पाय’ ही संख्या, वर्तुळाच्या गणितातली ३.१४ वाली, संगणकाला आधीपासूनच ठाऊक आहे आणि ती लिहायला एकच बाइट लागतो. ‘नॉट’ ही आज्ञाही एका बाइटची. तिच्यापुढे शून्य असेल तर उत्तर १, दुसरं काहीही असेल तर उत्तर ०. पाय काही शून्य नाही. म्हणून ‘नॉट पाय’ म्हणजे शून्य, आणि तेही दोन बाइटांत!

१ हवा असेल तर? संख्या धन आहे का हे सांगणारी एक आज्ञा होती. धन असेल तर उत्तर १. पाय धन आहे, मिळाला १. पायमधला अपूर्णांक कापून टाकला की मिळाले ३. आणि २? जरा थांबा, पुढे वाचू नका, आधी स्वतः शोधा. तीनमधून एक वजा! एकूण पाच बाइट लागले, तरी दोन वाचलेच. त्या काळातल्या नियतकालिकांत छापून आलेल्या प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी असा पाय पेरलेला दिसतो. ज्याला ही मेख माहीत नाही त्याला वाटेल, या सगळ्यांना वर्तुळांचं इतकं काय वेड होतं?

त्याच केंब्रिजमध्ये आणखी एक कंपनी होती, एकॉर्न. ती काढली होती ख्रिस करी आणि हर्मन हाउझर या दोघांनी. करी आधी सिंक्लेअर यांच्याकडेच कामाला होते. एकॉर्नचा भरवसा होता वेगळ्या प्रोसेसरवर, त्याचं नाव ६५०२. ही चिपसुद्धा अमेरिकन, १९७५ सालची. तेव्हा इतर कंपन्यांचे प्रोसेसर शेकडो डॉलरना मिळत होते. हिची किंमत ठेवली २५ डॉलर. ट्रान्झिस्टर झेड-८० च्या निम्म्याहूनही कमी.

निम्म्याहून कमी बटणं म्हणजे ६५०२ मंद असणार, असं तुम्हाला वाटेल. इथेच गंमत आहे. प्रत्येक प्रोसेसर एका ठेक्यावर चालतो. लेझीम खेळताना हलगीच्या ठोक्यावर पाऊल पडतं ना, तसं. झेड-८० चा ठेका सेकंदाला ३० लाखांहून जास्त ठोक्यांचा, आणि एकॉर्नच्या ६५०२ चा २० लाखांचा. पण मेमरीतून एक बाइट आणायचा तर झेड-८० ला तीन-चार ठोके लागायचे, आणि ६५०२ एका ठोक्यात तो घेऊन यायचा. त्यामुळे ठोके कमी असूनही बऱ्याच कामांत ६५०२ पुढे. नुसता ठोक्यांचा आकडा बघून संगणकाचा वेग ठरवू नये, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे.

झेडएक्स ८१ आला त्याच सुमारास ब्रिटनच्या बीबीसी या प्रसारणसंस्थेनं ठरवलं, की देशातल्या लोकांना टीव्हीवरून संगणक शिकवायचा. नुसतं बोलून काय उपयोग? समोर संगणक हवा. मग बीबीसी स्वतःच्या नावाचा संगणक कुणाकडून बनवून घ्यायचा ते शोधू लागली. सिंक्लेअर यांनाही ते काम हवं होतं. एकॉर्नच्या डोक्यात नवा संगणक घोळत होता, पण तो बराचसा कागदावरच होता, आणि बीबीसीची माणसं तर शुक्रवारी बघायला येणार होती.

सोमवारी हाउझर यांनी एक खोडी काढली. त्यांनी आपल्याकडच्या इंजिनिअर सोफी विल्सन यांना विचारलं, आठवड्यात नमुना तयार होईल का? त्या म्हणाल्या, शक्य नाही. हाउझर म्हणाले, पण स्टीव्ह फर्बर तर म्हणतो जमेल. मग विल्सन यांचे सहकारी फर्बर यांच्याकडे गेले आणि त्यांना सांगितलं, सोफी म्हणते जमेल! दोघांनीही मान डोलावली. (ही युक्ती घरी भावंडांवर करून बघायला हरकत नाही, पण पकडले गेलात तर मला सांगू नका.) फर्बर यांनी आराखडा काढला, सुटे भाग गोळा झाले. राम बॅनर्जी नावाचे एक इंजिनिअर होते, चिपच्या पायांना बारीक तारा गुंडाळून जोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी शेकडो जोडण्या केल्या. गुरुवारची रात्र सरत आली तरी नमुना काही चालेना. त्याला तपासणारं दुसरं एक यंत्र तारेनं जोडलेलं होतं. शेवटी हाउझर म्हणाले, ती तारच काढून बघा. तार काढली, आणि यंत्र चालू लागलं! शुक्रवारची सकाळ उजाडली होती. दहा वाजता पाहुणे आले तेव्हा सोफी विल्सन यांनी त्यावर बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा चालवायचीही सोय करत आणली होती. काम एकॉर्नला मिळालं.

असा जन्मला बीबीसी मायक्रो. १९८१ च्या डिसेंबरात तो बाजारात आला. १६ किलोबाइटवाला मॉडेल ए आणि ३२ किलोबाइटवाला मॉडेल बी (एक किलोबाइट म्हणजे १,०२४ बाइट). चालू केला की ‘बूऽऽ-बीप’ असा दोन सुरांत ओरडायचा. त्यात चित्रासाठी वेगळी सोय होती. मेमरी प्रोसेसरच्या दुप्पट वेगानं चालायची आणि पाळीपाळीनं एकदा प्रोसेसरला, एकदा पडद्याला माहिती द्यायची. दोघांची कधी टक्करच नाही.

तो बनवताना घडलेला एक प्रसंग सांगायलाच हवा. नमुना अधूनमधून बिघडायचा. एकदा एक इंजिनिअर बोर्डावर बोट ठेवून काहीतरी दाखवत होता, आणि बोट तिथे असेपर्यंत संगणक सुरळीत चालला! बोट काढलं की बंद. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला संगणकाबरोबर एक बोट कसं द्यायचं? फर्बर यांनी त्या जागी काही रोध, म्हणजे वीज अडवणारे छोटे भाग, बसवून दिले आणि बिघाड गेला. नेमका का गेला, हे त्यांनाही उमगलं नव्हतं. पुढे असे सुमारे १५ लाख संगणक विकले गेले, सगळे त्या ‘बोटा’सकट.

ब्रिटिश सरकारनं शाळांसाठी योजना आणली, की संगणकाची निम्मी किंमत आम्ही देतो. माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो घ्यावा, की ऑक्सफर्डच्या रिसर्च मशिन्स कंपनीचा ३८० झेड घ्यावा, अशी निवड होती. दुसरा काळ्या पत्र्याच्या पेटीतला, भारदस्त, झेड-८० वर चालणारा. बहुतेक ठिकाणी बीबीसी मायक्रोच पोचला. आपल्या देशातही तो आला. १९८४ मध्ये भारत सरकारनं ‘क्लास’ नावाचा संगणकसाक्षरता प्रकल्प सुरू केला आणि सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत हेच संगणक बसवले. तुमच्या शाळेतल्या एखाद्या जुन्या बाईंनी किंवा सरांनी पहिली आज्ञा त्याच्यावरच टंकली असेल. विचारून बघा.

तेव्हा प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवत. शून्यासाठी जाड सूर, एकासाठी बारीक सूर. सेकंदाला १,२०० शून्य-एक, म्हणजे फार तर दीडेकशे बाइट. मोठा खेळ चढायला चहा होऊन जाईल इतका वेळ. पण आवाज आहे म्हटल्यावर तो रेडिओवरूनही पाठवता येतो! बीबीसी रेडिओनं खरोखरच रात्री प्रोग्रॅम प्रसारित केले. लोक रेडिओवरची ती किरकिर टेप करायचे आणि संगणकाला ऐकवायचे.

१९८२ च्या एप्रिलमध्ये सिंक्लेअर यांचा रंगीत संगणक आला, झेडएक्स स्पेक्ट्रम. मऊ रबरी कळा, १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरी. पुढे भारतातही परवान्यानं तो बनला, डेसिबेल्स या कंपनीचा. त्याचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि १९२ ठिपके उंच. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा लक्षात ठेवायचा, तर जवळजवळ २४ किलोबाइट जागा लागली असती. मग १६ किलोबाइटवाल्यानं काय करायचं? म्हणून ६४ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला दोनच रंग दिले, आणि सगळं पावणेसात किलोबाइटांत बसलं. फक्त एक व्हायचं, खेळातला पिवळा माणूस हिरव्या झाडाजवळून गेला की तोही हिरवा व्हायचा, नाहीतर झाडच पिवळं!

आता ज्या खेळासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येऊ. नाव ‘एलिट’. साल १९८४, संगणक बीबीसी मायक्रो. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे दोघे केंब्रिज विद्यापीठात शिकत होते. त्यांच्या खेळात तुम्ही अंतराळयान घेऊन ग्रहाग्रहांवर व्यापार करत हिंडता. किती ग्रह? आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, एकूण २,०४८. प्रत्येकाला नाव आहे, राज्यकारभाराची पद्धत आहे, बाजारभाव आहेत, आकाशातली जागा आहे. नुसती नावं आणि माहिती लिहून ठेवायची म्हटली तरी ३२ किलोबाइट संपून गेले असते.

त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत! साठवल्या फक्त तीन संख्या आणि एक नियम: शेवटच्या तीन संख्यांची बेरीज करा, ती झाली पुढची संख्या. बेरीज फार मोठी झाली तर वरचा भाग सोडून द्या. वही घ्या, आपण लहान रूपात करू. २, ७, ४ घ्या. बेरीज १३, फक्त एककाचा अंक ठेवा, ३. मग ७, ४, ३ ची बेरीज १४, ठेवा ४. असंच करत गेलं की यादी येते २, ७, ४, ३, ४, १, ८, ३, २, ३, ८, ३... दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीला तुम्ही फक्त ‘२, ७, ४’ कळवा, तिच्या वहीत हीच यादी उमटेल, एकही अंक इकडचा तिकडे होणार नाही. एलिटमध्ये अशा अंकांवरून ठरायचं, की नावाचे तुकडे कोणते जोडायचे, ग्रह श्रीमंत की गरीब, तिथे हुकूमशाही की लोकशाही. लेव, डिसो, लीस्ती हे ग्रह तुम्ही तिथे पोचेपर्यंत कुठेच नसत. गरज पडली की गणित त्यांना घडवायचं, आणि दर वेळी अगदी जसेच्या तसे. एकदा म्हणे एका आकाशगंगेत एका ग्रहाचं नाव चावट निघालं. नाव बदलायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी अख्खी आकाशगंगा टाकून दिली आणि सुरुवातीच्या संख्या बदलून दुसरी घेतली!

इकडे एकॉर्नला ६५०२ अपुरा पडू लागला होता. बाजारातले मोठे प्रोसेसर त्यांना पसंत पडेनात. १९८३ मध्ये विल्सन आणि फर्बर अमेरिकेतल्या फीनिक्स शहराजवळ गेले. तिथे ६५०२ ची पुढची आवृत्ती बनवणारे लोक होते. पाहतात तर काय, छोट्याशा बंगल्यात मोजकी माणसं, मदतीला विद्यार्थी. एवढ्या लोकांना प्रोसेसर बनवता येतो, तर आपल्याला का नाही? दोघं परतले ते हाच विचार घेऊन.

विल्सन यांनी प्रोसेसरच्या आज्ञा ठरवल्या, थोड्याच आणि साध्या. फर्बर यांनी आतली रचना केली, आणि ती बरोबर चालते का हे तपासायला तिची नक्कल लिहिली, बीबीसी मायक्रोच्या बेसिक भाषेत, ८०८ ओळींत. शाळेतल्या पोरांच्या संगणकावर नवा प्रोसेसर तपासला जात होता! नाव ठेवलं आर्म. त्यात जेमतेम २५ हजार ट्रान्झिस्टर होते. चिपला स्वस्त प्लास्टिकचं वेष्टण हवं होतं आणि जास्त वीज खाणारी चिप त्यात तापली असती, म्हणून वीज कमी लागावी याची काळजी त्यांनी पहिल्यापासून घेतली.

२६ एप्रिल १९८५ ला पहिल्या चिपा आल्या. बसवल्या, चालू केल्या, पहिल्याच खेपेला चालल्या. फर्बर यांनी किती वीज लागते ते मोजायला मीटर लावला. काटा शून्यावर! चिप काम करतेय आणि वीज शून्य? शोधल्यावर कळलं, की चिपला वीज पुरवणारी जोडणीच बोर्डावर झाली नव्हती. आत येणाऱ्या माहितीच्या तारांतून जो चिमूटभर प्रवाह झिरपत होता, तेवढ्यावरच ती चालली होती.

बॅटरीवर चालणारी यंत्रं आली, तेव्हा जगाला नेमका असाच मितव्ययी प्रोसेसर हवा होता. २०२१ पर्यंत आर्मच्या रचनेच्या २० हजार कोटींहून अधिक चिपा बनल्या होत्या. घरातल्या मोबाइलची माहिती इंटरनेटवर उघडा आणि प्रोसेसरच्या रकान्यात ‘कॉर्टेक्स’ हे नाव आहे का पाहा. असेल तर तो आर्मच्याच घराण्यातला.

२०१६ मध्ये बीबीसीनं पुन्हा एकदा शाळांसाठी संगणक काढला. नाव मायक्रोबिट. ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना तो फुकट वाटला. तळहातात मावणारा बोर्ड, त्यावर २५ लाल दिवे आणि दोन बटणं, आत आर्मचा प्रोसेसर. मेमरी होती १६ किलोबाइट, १९८१ च्या मॉडेल ए मध्ये होती तेवढीच.

तुमच्या हाती १६ किलोबाइट आले, तर तुम्ही त्यात काय बसवाल? शहर, जंगल, कबड्डीचा सामना? नियम काय असेल आणि सुरुवातीच्या तीन संख्या कोणत्या, ते आम्हाला लिहून पाठवा.